भेरूला कुणी धरत नव्हतं

धारहून पत्र आलं तेव्हाच मला वास आला होता. आमच्या व्यायाम मंडळाच्या अध्यक्षांनी ते भर बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आमच्या हुतूतूच्या संघात सर्व जातींचे गडी एका रेघेत उभे राहतात. बलाई (आपल्याकडे महार, तसे माळव्यात बलाई) जातीचा एक गडी तर आमचा हुकमी एक्का आहे. देवासकरांशी अखेरचा सामना ठरला आहे, तरी पंच म्हणून आपल्यातला कोणी जाणकार धाडावा.' वाचता वाचता अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, स्वतःच्या उदारपणाबद्दल जो इतक्या वळणदार अक्षरात लिहितो, त्याच्या घरचं पाणी आधी गाळून प्यावं.

"मग तुम्हीच जा मास्तर," अध्यक्ष म्हणाले. "नियम तुमचे आणि तोंडही तुमचंच."

शाळेत पोरांकडून कसरत करून घेणारा मी माणूस. हुतूतूचे नियम कागदावर उतरवण्याचा उपद्व्याप माझाच, त्यामुळे नाही म्हणायची सोय राहिली नाही. दुसऱ्याच आठवड्यात वळकटी बांधली.

खांडव्याला गाडी बदलावी लागते. तिथून छोटी गाडी नर्मदा ओलांडून घाट चढते आणि महूला आणून सोडते. घाटात डब्यातली सगळी मंडळी खिडक्यांना चिकटली होती. मी मात्र वळकटीवर बसून राहिलो, कारण खांडव्याला सोबत चढलेला एक गृहस्थ माझ्या फराळाच्या डब्याकडे फार प्रेमानं बघत होता. महूला उतरताना त्यानंच मला आपल्याजवळच्या शेवा खाऊ घातल्या. शेवा तिखट होत्या आणि चांगल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे.

महूहून धारपर्यंत टांगा. टांगेवाला म्हणाला, "धार तो ये रही साब, बस," आणि त्याची ती 'बस' संध्याकाळपर्यंत पुरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अफूची शेतं फुलली होती. पांढरी, मऊ, देवाला वाहावीत अशी फुलं. असल्या सोज्वळ फुलाच्या बोंडात काय भरलेलं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मनात म्हटलं, मास्तर, या मुलखात जपून.

धार गाव देखणं आहे. जिकडे पाहावं तिकडे तलाव, वर तांबड्या दगडाचा किल्ला, आणि गल्लीत शिरलं की कानावर मराठी. पण मराठी कसली, तर अर्धी आपली, अर्धी हिंदी, आणि वरून माळवीचा शिडकावा. माझे यजमान आणि त्या पत्राचे कर्ते माधवराव वकील दारातच उभे होते. धिप्पाड, हसरे, मिशांना अत्तर.

"या या मास्तर. फिकर नका करू, सब इंतजाम झाला आहे," ते म्हणाले. इतका इंतजाम कशाला, असं मला तेव्हाच वाटलं.

पण घरातलं मराठी वेगळं होतं. माधवरावांच्या थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणत. त्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "पाय धुवावे, वस्त्र पालटावं, मग पानावर यावं." अशी भाषा मी पुण्यात माझ्या आजोबांच्या तोंडी शेवटची ऐकली होती. पानात बाफले होते (कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग गोवरीच्या आरावर भाजायचे आणि तुपात बुडवायचे). सोबत डाळ, लसणाची चटणी. तुपाला हात इतका सैल की तिसऱ्या बाफल्याला मी माझा संशयी स्वभाव तात्पुरता बाजूला ठेवला.

मी हात धूत असताना अक्का घरगड्याला सांगत होत्या, "भेरूस चार बाफले बांधून ठेवले आहेत. फाटकाशी उभा आहे. वरून टाकावे, लागू देऊ नये."

"भेरू म्हणजे तुमचा हुकमी एक्का?" मी माधवरावांना विचारलं.

"तोच. बहोत जोरदार गडी. आजवर कुणाला सापडला नाही."

"आणि बाफले वरून टाकायचे?"

माधवराव हसले. "मास्तर, अक्का जुन्या वळणाच्या. घर वेगळं, मैदान वेगळं."

सकाळी तलावाकाठी संघाचा सराव होता. सातआठ मराठे, दोन ब्राह्मण, एक शिंपी, असे गडी अंगाला माती चोळून भिडत होते. दम चांगला होता, पकडीही बऱ्या होत्या. माझी नजर भेरूला शोधत होती. तो मैदानाबाहेर, बाभळीच्या पलीकडे एकटाच होता. जमिनीत चार खुंट्या ठोकलेल्या, आणि 'हुतूतू हुतूतू' म्हणत तो त्या खुंट्यांमधून सुळकन आत शिरायचा, शिवायचा, परत यायचा. सडपातळ, काळा, विणकराची लांब बोटं. पाय असे हलके की बघत राहावं. पण एक खोड होती. उजवीकडे वळायच्या आधी तो डावा खांदा खाली पाडायचा. जाणत्या गड्यानं तो खांदा पाहिला की भेरू कुठं जाणार ते आधीच कळावं.

इतकी ढोबळ चूक, आणि एवढ्या संघात एकानंही सांगू नये? माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी जवळ गेलो तसा तो मागं सरकला. "तू त्यांच्यात का खेळत नाहीस?" मी विचारलं.

"सामन्यात खेळतो साब."

"आणि सरावात?"

त्यानं बाभळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हारे कोई नी पकड़े, साब." (मला कुणी धरत नाही.)

मला ती फुशारकी वाटली. म्हटलं, हा पण माधवरावांचाच चेला. आणि मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवासला निघालो. माधवराव आणि मी टांग्यात, संघ दोन दमण्यांत (हलक्या बैलगाड्यांत) आणि मागं कडबा भरलेली बैलगाडी. भेरू कडब्यावर. इंदूरला मुक्काम करून पुढं जायचं होतं. दुपारी एका विहिरीशी थांबलो. गडी पोहऱ्यानं पाणी काढून एकमेकांच्या अंगावर उडवत होते. भेरू दूर ओंजळ करून उभा राहिला आणि एकानं उंचावरून त्याच्या ओंजळीत धार धरली. दोघांनाही त्याची सवय होती, कुणी कुणाकडे बघितलंही नाही.

बैलांना विसावा देईपर्यंत मी कडब्याच्या गाडीच्या सावलीत जाऊन बसलो. मला त्याची ती फुशारकी खुपत होती.

"काय रे, खरंच कुणी तुला धरू शकत नाही?"

"शकत नाही असं नाही साब. धरत नाही." भेरूची बोली निम्मी माळवी, निम्मी आपली. तो जे सांगत होता ते मी आपल्या भाषेत लिहितो. "मी रेघ ओलांडून आत गेलो की ते पळतात. मी शिवलो तर विटाळ होईल म्हणून मागच्या रेघेबाहेर उड्या मारतात. रेघेबाहेर पाय पडला की गडी बाद. वकीलसाहेब म्हणतात, नियमच तसा आहे."

नियम तसाच होता. तो लिहिला होता मी.

"अमझेऱ्याचे गडी तर असे पळाले," तो पुढं म्हणाला, "की मी अर्ध्या मैदानात उभा, आणि समोर कुणीच नाही. सगळे हसत होते. आमचे पण. ढाल आम्हाला मिळाली."

"मग वाईट काय? जिंकलास की."

भेरू कडब्याची काडी मोडत बसला. "लहानपणापासून तालमीच्या कुंपणापलीकडून बघून शिकलो साब. खुंट्यांवर शिकलो. मी चांगला खेळतो की नाही, तेच मला कळलेलं नाही. एकदा कुणी धरलं असतं तर कळलं असतं. देवासलाही असंच झालं तर मी खेळणं सोडणार. घरी माग आहे. माग तरी सांगतो, धागा तुटला म्हणून."

मला राग आला, आणि खोटं कशाला सांगू, तो सगळा राग माधवरावांवरच होता असं नाही. टांग्यात बसल्यावर मी त्यांना सरळ विचारलं. "माधवराव, हा गडी तुम्ही घेतलात तो खेळतो म्हणून की विटाळतो म्हणून?"

ते जराही गडबडले नाहीत. "मास्तर, नियमात कुठं बसत नाही ते दाखवा."

"नियमाचं नाही विचारलं मी."

"बरं, मग मी एक विचारतो. आम्ही त्याला मैदानात तरी उभा केला. तुमच्या पुण्याच्या मंडळात असे किती गडी आहेत?"

उत्तर सोपं होतं, एकही नाही. मी टांगेवाल्याला इंदूर किती लांब ते विचारलं.

देवासला पोचलो तेव्हा चामुंडेच्या टेकडीवर ऊन तापलं होतं. हे गाव मोठं गमतीचं. एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एका रस्त्याची ही बाजू यांची, ती बाजू त्यांची. देवासचा संघ दोन्ही पात्यांतून निवडलेला होता, त्यामुळे ते गडीही एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनीच बघत होते. म्हटलं, वा, इथं मला करमेल.

त्यांचा नाईक खंडेराव, जातीनं मराठा, धंद्यानं नालबंद. घोड्यांना नाल ठोकून ठोकून मनगटं अशी झालेली की माझ्या दोन हातांत एक मावू नये. बोलायला कमी. मी गेलो तेव्हा तो मैदानाच्या कडेला पाण्यानं भरलेली एक मोठी पितळी बादली ठेवत होता, वर तांब्या उपडा.

"ही कशाला?" मी विचारलं.

"असू द्या पंचसाहेब."

"प्यायला माठ आहे तिकडं."

"ही प्यायची नाही."

झालं. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. मैदान भिजवून निसरडं करायचा बेत असणार. मी सगळं मैदान पायानं चाचपून आलो, रेघा पुन्हा आखून घेतल्या, गड्यांची नखं पाहिली, अंगाला तेल लावलंय का ते बोट फिरवून पाहिलं. बोट फिरवताना भेरूपाशी आलो. मैदानातले सगळे लोक माझ्याकडे बघत होते. मी त्याच्या खांद्यावरून बोट फिरवलं. तेल नव्हतं. बादलीचं कोडं काही सुटलं नाही.

सामना दुपार कलल्यावर सुरू झाला. पहिल्या काही चढाया इकडून तिकडे गेल्या. मग माधवरावांनी बाहेरून हात केला आणि भेरू निघाला. 'हुतूतू हुतूतू'चा बारीक, एकसुरी आवाज. धारचे गडी आताच हसायला लागले होते. भेरू मधली रेघ ओलांडून आत शिरला. मी मागच्या रेघेवर नजर रोवली, कोण बाहेर उडी मारतो ते बघायला.

कुणी उडी मारली नाही. दोघे मागं सरले खरे, एकाचा पाय रेघेच्या अगदी काठावर आला. पण खंडेराव जागचा हलला नाही. भेरू क्षणभर गोंधळला. समोर माणूस आहे, याची त्याला सवयच नव्हती. मग त्यानं डावा खांदा पाडला आणि उजवीकडे वळला. खंडेराव तिथं आधीच पोचलेला होता. त्यानं भेरूच्या कमरेला मिठी घातली, आणि त्या पाठोपाठ, डोळे मिटून का होईना, आणखी दोघे त्याच्या पायांना लोंबकळले. भेरू तडफडला, वळला, रेघेकडे हात लांबवला. दम तुटला.

"बाद," मी म्हणालो.

खंडेराव उठला, बादलीपाशी गेला, तांब्या भरून स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतला. दुसऱ्या दोघांनीही ओतून घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांनी बसून ठरवलं होतं. धरायचं, आणि मग आंघोळ करायची.

भेरू अजून मातीतच बसला होता. मला वाटलं, ते पाणी बघून त्याचं तोंड उतरलं असेल. मी जवळ गेलो. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, तोंडात माती गेली होती, आणि तो हसत होता.

"पकड़ लियो म्हारे, साब," तो म्हणाला. (धरलं मला.)

"दिसलं मला," मी म्हटलं. "ऊठ आता, खेळ थांबलाय."

सामना पुढं सुरू झाला आणि खरी लढत लागली. डावात परत आल्यावर भेरू पुन्हा आत गेला, पुन्हा खांदा पाडला, पुन्हा खंडेरावनं धरला. या वेळी भिजलेल्या गड्यांतला एक बादलीकडे वळला. खंडेराव त्याच्यावर खेकसला, "नंतर रे भिया. डाव बघ." (भिया म्हणजे भाऊ.)

मधल्या सुट्टीत भेरू माझ्याकडे आला. "साब, माझं चुकतं काय?"

ठाऊक होतं मला. पण मी पंच. "पंचाला सांगता येत नाही," मी म्हटलं, आणि असला नियम करणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

पलीकडे खंडेराव माती झटकत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "खांदा पाडतोस रे तू. डावा. वळायच्या आधीच कळतं."

"गप ना," त्याचाच एक गडी पुटपुटला. "त्याला कशाला सांगतोस?"

"मग धरण्यात मजा काय?" खंडेराव म्हणाला.

भेरू बाजूला गेला आणि सुट्टी संपेपर्यंत नुसता वळत राहिला. डावीकडे, उजवीकडे, खांदा सरळ ठेवून. सुट्टीनंतर माधवराव त्याला पाठवेनात, तर तो आपण होऊनच निघाला. आत गेला, खांदा हलला नाही, खंडेराव भेरूच्या डाव्या हाताला झेपावला आणि भेरू उजवीकडून त्याच्या पाठीला शिवून रेघेवर परत. खंडेराव बाद. देवासच्या लोकांतून एक म्हातारा "वा रे गड्या" म्हणाला आणि लगेच इकडेतिकडे बघून गप्प बसला. खंडेराव मैदानाबाहेर जाताना बादलीच्या अगदी जवळून गेला. थांबला नाही.

ढाल देवासनं नेली, फरकही चांगलाच होता. सामना संपल्यावर खंडेरावनं बादली उचलली. पुन्हा आंघोळ, असं मी मनात म्हटलं. पण त्यानं ती भेरूसमोर नेऊन ठेवली. "गुडघा धू," म्हणाला. भेरूनं सवयीनं ओंजळ पुढं केली, वरून धार पडेल म्हणून. खंडेराव तांब्याला हात लावीना. "हातानं घे रे," तो म्हणाला. भेरूनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात बादलीत बुडवले. नंतर बादली घेऊन खंडेराव आपल्या पागेमागं गेला. जागेवर ठेवायला गेला की राखेनं घासायला, हे बघण्याची मला एरवी दांडगी हौस. पण या खेपेला मी मान वळवली नाही. काही गोष्टी माणसानं आपण होऊन न बघाव्यात.

माधवराव निघायच्या वेळी तोंड फुगवून बसले होते. "अब क्या फायदा?" ते म्हणाले. "एकदा धरला म्हणजे आता सगळेच धरतील. आता तो इतरांसारखाच झाला." आपण काय बोललो ते त्यांना कळलं नाही. त्यांचा संघ त्याच रात्री इंदूरला निघाला. ढाल गमावल्याचा राग म्हणा की काय, कडब्याच्या गाडीत भेरूला जागा उरली नाही.

मी सकाळी वेगळा टांगा केला. भेरू पुढं, टांगेवाल्याच्या पायांशी बसायला निघाला. मी म्हटलं, "इकडं ये, शेजारी." तो आखडून बसला, आणि खरं सांगायचं तर मीही आखडूनच बसलो होतो. रस्ता खराब, दर खड्ड्याला खांद्याला खांदा लागायचा. इंदूर येईपर्यंत आमचं दोघांचंही आखडणं बरंच सैल झालं. तो सगळा वेळ एकच बोलत होता, खंडेरावची पकड कशी होती, कुठून सुटता आलं असतं, पुढच्या वेळी काय करायचं. पुढच्या वेळी, असं तो म्हणत होता, हे माझ्या लक्षात आलं.

पुण्याला आलो. अध्यक्षांनी चहा पाजला आणि विचारलं, "मग मास्तर, पाहिलात ना सर्व जातींचा संघ? अहवालात घालू या. काय लिहू?"

"लिहा, धारचा भेरू दोनदा धरला गेला."

"अहो, धरला गेला यात लिहिण्यासारखं काय?"

मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी पुन्हा चष्मा काढून पुसला. तो परत नाकावर चढल्यावर मी म्हटलं, रामनवमीच्या आपल्या सामन्यांना मी भेरूला येण्याचं आमंत्रण देऊन आलो आहे. अध्यक्षांनी चहाची बशी खाली ठेवली आणि अहवालाचा कागद घडी करून खिशात घातला.

तर मंडळी, त्यानं येतो म्हटलं आहे. येईल की नाही याची मला शंका आहे, आणि आला तर आपल्यापैकी पहिला कोण त्याला मिठी घालील, याची त्याहून मोठी शंका आहे. मैदान मीच आखणार, पंचही मीच. फक्त आधी सांगून ठेवतो, आपल्या मैदानाच्या कडेला बादली ठेवलेली नसेल.